झाडलोटीची पाळी

पूर्वी ही पाळी चार वर्षांनी यायची.
आता दर तिसऱ्या महिन्याला
खराटा माझ्याच दाराशी उभा.
उरलीत चार घरं,
त्यातल्या कोबोरीबाईंना गुडघ्यांमुळे
एकशे तीस पायऱ्या माफ.

देव तसा लहानच. सुदैवाचा.
कुणा मास्तरला म्हणे इथून परतताना लॉटरी लागली,
तेव्हापासून रविवारी गाड्या येतात,
नागोयाच्या, ओसाकाच्या पाट्या लावलेल्या.
भाताच्या बांधावर चाकं चढवतात
आणि विचारतात, आजी, तो देव हाच ना?
हाच, म्हणते.
कमानीपाशी वाका. हात धुवा. पाणी गार आहे.

पाच येनचं नाणं टाकतात, मधोमध भोक असलेलं.
पाच येन आणि ऋणानुबंध,
आमच्या बोलीत दोन्हींचा उच्चार एकच.
दोनदा वाकतात, दोन टाळ्या,
मग डोळे मिटून केवढा वेळ मागत राहतात!
तोवर माझी गिंकोची पानं गोळा करून होतात.

चिठ्ठीत वाईट कौल निघाला
तर ती फांदीला बांधून जायची,
म्हणजे दुर्दैव इथंच राहतं.
इथं म्हणजे कुणाकडे,
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

परवा एकटाच एक पोरगा आला,
कुरिअरवाल्याच्या निळ्या जाकिटात.
मागितलं काही नाही. म्हणाला,
मुगुरुमांचं घर कुठलं?
मी बांबूच्या रानाकडे बोट दाखवलं.
घर नाही, पण त्यांचं पर्सिमनचं झाड आहे,
लगडलेलं, कुणी न तोडलेलं.
आजोबा सांगायचे, म्हणाला, आणि एक फळ चावलं.
तोंड असं आवळलं त्याचं!
अरे, तुरट जात ती.
सोलून दोरीला टांग ओसरीत, नव्या वर्षापर्यंत थांब.
ओसरी नाही, म्हणाला. बाल्कनी आहे, दीड हाताची.
पुरे तेवढी.

पिशवीभर घेऊन गेला.
जाता जाता चिठ्ठीही काढली:
प्रवास टाळावा. हरवलेले सापडणार नाही.
मी फांदी खाली वाकवून धरली त्याच्यासाठी,
तर हसला, घडी घालून खिशात टाकली.

इतक्या वर्षांत हा पहिलाच,
ज्यानं आपलं आपल्यासोबत नेलं.

उद्या पहिली तारीख.
खराटा इनादांच्या दारात टेकवायचा.
खालच्या पायऱ्या राहिल्यात झाडायच्या, साठेक.