आकस

टिप्टनच्या ओतशाळेत पहिल्याच दिवशी
मेल्विन टिमिन्सनं मला फसवलं.
पोलादी पट्टी हातात दिली, म्हणाला, मोज.
पंपाचा लाकडी पॅटर्न भरला तीनशे.
माझ्या कॅलिपरवर तीनशे तीन.
पुन्हा मोजला. पुन्हा तेच.
तो मिशीतल्या मिशीत हसला.

त्याच्या खणात अशा चार पट्ट्या:
लोखंडाची, पितळेची, ॲल्युमिनियमची, पोलादाची,
प्रत्येकीचं खोटं वेगळं.
धातू निवताना आकसतो,
ते आधीच ओळखून
कुणीतरी जास्तीचं देऊन ठेवावं लागतं.
आमच्या कोल्हापुरात म्हणतात, मापात पाप नको.
इथे एक माणूस चाळीस वर्षं
शंभराला एक असं पाप नेमानं करत होता,
म्हणून पंप गळत नव्हते.

मला बोलावलं होतं यंत्रासाठी.
मालकीणबाई गिलियन फेलोजनं ते
बंद पडलेल्या एका जर्मन कारखान्यातून निम्म्या किमतीत उचललेलं:
वाळू छापणारं यंत्र.
वाळूचा पातळ थर, त्यावर राळेची रेघ,
पुन्हा थर, पुन्हा रेघ,
रात्रभर, कुणी जागं नसताना.
सकाळी पेटीतली सुटी वाळू ब्रशनं झटकायची
की साचा तयार.
ना लाकूड, ना रंधा, ना मेल्विन.

शेवटचा शब्द मी उच्चारला नव्हता.
तरी पंधरा दिवस तो यंत्राकडे फिरकला नाही.
आकस, मी मनात म्हटलं,
आणि माझ्याच भाषेनं मला थांबवलं:
धातूचं आकसणं आणि माणसाचा आकस
एकाच भट्टीतून निघाल्यासारखे.

"तीन आठवड्यांचं काम दोन दिवसांत,"
गिलियन म्हणाली, "नाहीतर मार्चमध्ये कुलूप."
तिच्या टेबलावर बँकेचं पत्र होतं,
त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ.

पहिला साचा मोहिंदरनं भरला.
मी सॉफ्टवेअरला एक टक्का सांगितला होता,
सगळ्या अंगाला सारखा, अगदी न्यायानं.
निवल्यावर फ्लँज वाकडी.
दुसरी वाकडी.
तिसरी मी पाहिलीच नाही,
भंगारात पडल्याचा आवाज ऐकला.

मग मेल्विन मला माळ्यावर घेऊन गेला.
तांबडे-काळे रंगवलेले पॅटर्न छतापर्यंत,
कबुतरांनी काहींचा ताबा घेतलेला.
त्यानं पंपाचा पॅटर्न उलटा केला.
फ्लँजच्या पोटाला चामड्याची पट्टी चिकटवलेली,
शेजारी पेन्सिलीनं: इथे जरा जास्त.
"जाड अंग उशिरा निवतं," तो म्हणाला,
"आणि उशिरा निवणारं शेजाऱ्याला ओढून घेतं."
"जास्त म्हणजे किती?"
"दोन केस."
"कुणाचे?"
त्यानं टकलावरून हात फिरवला.
"तेव्हा होते."

स्कॅनरच्या निळ्या उजेडात
लाकडाचा रेषान् रेषा स्क्रीनवर आली,
पेन्सिलीची अक्षरं तेवढी आली नाहीत.
म्हणून चार दुपारी तो माझ्या शेजारी बसला,
स्क्रीनवर बोट टेकवून,
प्रत्येक ठिकाणी काजळीचा ठसा.
शून्य पूर्णांक सहा?
थोडं कमी.
पाच?
आता फारच कंजूष झालीस.

चौथा पंप बसला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत,
मोहिंदरनं तो पॅलेटवर ठेवला आणि चहाला गेला.
मार्च आला, गेला.
मेल्विन आता आठवड्यातून तीन दिवस येतो,
बाकीच्या दिवसांचा पगार कमी झाला,
हेही लिहिलं पाहिजे.

फाइलमध्ये टीप लिहायला जागा असते.
तिथे मी टाइप केलं: मेल्विनचे दोन केस.
त्या प्रणालीला देवनागरी येत नाही.
ओळभर रिकामे चौकोन उमटले.
ते मी तसेच ठेवलेत.

लोखंडाची पट्टी त्यानं मला दिली.
पितळेची मागितली, तर खण लोटून
किल्ली खिशात टाकली.
"पितळेचं काम अजून आलेलं नाही," म्हणाला,
"आलं की बघू."