शून्याची चूक

माझ्याकडे परमिट होतं.
प्रकृतीच्या कारणावरून, गोल शिक्क्यानिशी:
या इसमास झोप लागत नाही,
सबब दारू द्यावी.
पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलं:
हा इसम आजारी आहे,
सबब थेंबही देऊ नये.
दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत.
वृंदानं मध्ये लाइटबिलं लावलीत.

तिचा भाऊ अच्युत दांडिया बाजारातून येतो,
चप्पल काढायच्या आधी म्हणतो,
"आजार? मधुमेह कुणी टाकीत
दोरीला बांधून लपवतं का?"
बरोबर आहे त्याचं.
दोरी मीच बांधली, गाठ नीट मारली,
तेवढ्यापुरता हात थरथरला नाही.

पारेखबेन म्हणतात, "भाई, आ तो बीमारी छे,"
आणि मेंदूचं चित्र दाखवतात,
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं.
त्यांचंही बरोबर आहे.
सुरसागरच्या काठानं स्कूटरवर येताना
मी सरळ घरी जायचं ठरवलं होतं. शपथ.
हँडल डावीकडे वळलं
आणि मी त्याच्यामागून गेलो.

निषादनं कधी वाद घातला नाही.
त्याच्या दहावीच्या निकालादिवशी
मला रिक्षातून उतरवताना एवढंच म्हणाला,
"बाबा, पाय उचला."
आजाऱ्याला म्हणतात तसं,
की पकडलेल्याला म्हणतात तसं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

खताच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी प्रेशर गेज तपासली.
दाब काढून घेतला तरी
एखादा काटा शून्यावर परतत नाही,
तीनवर अडकून राहतो.
काटा हे मुद्दाम करतो का,
असं तिथं कुणी विचारत नसे.
टॅग लावायचा: चूक, अधिक तीन.
मग दर पाळीला, दर नोंदीला
तीन वजा करायचे.
एकदा विसरलं, की बॉयलरची
समजूत घालता येत नाही.
आणि वजाबाकी काही काटा करत नसे.

आज दोनशे बारावा दिवस.
सकाळी टाकीवर चढलो, फ्लोट बदलायला.
दोरी तिथंच होती, शेवाळलेली.
ओढून पाहिली.
टोकाला काही नव्हतं.
हे अच्युतला सांगणार नाही.
पारेखबेनना सांगेन, गुरुवारी.

खालून वृंदानं विचारलं, "पाणी आलं का?"
"येतंय," म्हटलं.
ती जिन्यातच उभी राहिली,
पाण्याचा आवाज सुरू झाला तरी,
मी उतरेपर्यंत.