उद्गारचिन्हामागची यादी

अंबडला, लेथच्या गाळ्यामागे,
पत्र्याखाली आमचे चार संगणक.
पिंपळगावच्या शीतगृहासाठी लिहितेय:
द्राक्षं आत आली की तापमान उतरवायचं.
एवढंच.

फंक्शनच्या कपाळावर फक्त एक उद्गारचिन्ह काढलं.
म्हणजे, हे चुकू शकतं.
कसं, ते लिहिलं नाही.

गायधनी वाकून बघतात.
पस्तीस वर्षं पंपहाउसात काढलेला माणूस,
बिघाडांची वही अजून खिशात.
‘यादी कुठाय? मग कळणार कसं?’

कळतं, काका. कंपायलर स्वतः खाली उतरतो.
सेन्सर वाचणाऱ्या ओळींत शिरतो: तार तुटली, आकडा वेडा.
झडपेपाशी: अडकली.
जे मी तिथल्या तिथे निस्तरलं, ते सोडतो,
जे नुसतं वर ढकललं, ते उचलतो,
दोनदा भेटलेलं एकदाच धरतो.
नासर्डी, वाघाडी, दारणा
नांदूरमध्यमेश्वरच्या दारांशी एकच पाणी होतात;
इथे मात्र प्रत्येकीचं नाव
शेवटपर्यंत वेगळं वाहतं.

मंगळवारी मेहजबीनने तळातल्या फाइलीत
एक ओळ घातली: दार उघडं राहिलं.
माझ्या फाइलीला कुणी हात लावला नव्हता.
तरी माझं बांधकाम अडलं.
एक शक्यता हाताळलेली नाही, म्हणे.
‘त्याला सांगितलं कोणी?’
कुणीच नाही. त्याने वाचलं.

एकाच ठिकाणी तो हरतो.
फंक्शन स्वतःलाच हाक मारतं तिथे
माझी यादी काय, हे कळायला
आधी माझी यादी कळायला हवी,
आणि तो उंबऱ्यावर घुटमळत राहतो.
तिथे मी हाताने लिहिते.
आणि दिंडोरीच्या माणसांना द्यायच्या भागातही.
परक्याच्या हाती देताना
चिन्हावर भागत नाही.

संध्याकाळी वही मागून घेतली.
शाई फुटलेली, पानाला ग्रीसचा वास:
‘रात्री अडीच. पंप दोन बंद.
केबल उंदराने कुरतडली. पिल्लं होती.’

माझ्या यादीत तार तुटली, एवढंच येईल.
नुसतं नाव. त्याच्या पोटात काही ठेवता येत नाही,
ना रात्र, ना पिल्लं.

गायधनींनी वही परत खिशात घातली,
बटण लावलं.