दीड इंच माया

सेलूत स्टेशन रोडला माझं दुकान.
चौतीस वर्षं मान खाली.
अख्ख्या गावाच्या छात्या, कंबरा, बाह्या
वहीत उतरवलेल्या आहेत माझ्याकडं.
माझंच माप तेवढं कुणी घेतलं नव्हतं.

मान वळेना झाली तेव्हा काबरा डॉक्टर म्हणाले,
गोळ्या देतो मास्तर, पण अंग जरा ताणत जा.
पुतण्यानं, दिगंबरनं, फोनात अॅप टाकून दिलं.
पहाटे साडेपाचला आपोआप बोलतं.

बाईचा आवाज आहे. पुण्याकडची असावी.
"आता हळुवारपणे आपली मान उजवीकडे न्या."
हळुवारपणे.
आमच्या धंद्यात हळू म्हणजे
गिऱ्हाईक दारात उभं असताना हात न उरकणं.
शिवी असते ती.

पहिल्या दिवशी सतरंजीवर पाय पसरून बसलो.
"बोटं पावलांकडे न्या, जमेल तेवढीच."
नडगीपर्यंत जमलं.
गळ्यातला टेप काढला, सवयच ती,
मधल्या बोटापासून अंगठ्यापर्यंत मोजलं:
अकरा इंच.
वहीत नवं पान उघडलं.
वर स्वतःचं नाव लिहिताना हात जरा अडला.

"आता मांजर व्हा." झालो.
"आता गाय व्हा."
चंद्रकला चहा घेऊन दारात उभी.
काय हुडकायलात हो खाली, म्हणाली,
अन् तोंडाला पदर लावून आत गेली.
मी गाय होतो तसाच राहिलो,
कारण मधेच रमीची जाहिरात लागली होती
आणि ती संपल्याशिवाय बाई पुढचं सांगत नव्हती.

आठव्या दिवशी फोन पैसे मागायला लागला.
नाही दिले.
मान, खांदे, कंबर फुकटात होतात.
मांड्या पैशांच्या आहेत.

मग जून आला. एका शाळेचे दोनशे चाळीस गणवेश.
इलियास रात्री एकपर्यंत काजं करायचा, मी चेनी लावायचो.
पहाटे बाई बोलायला लागली की
फोन उशीखाली दाबायचा.
सोळा दिवसांनी उघडून बघितलं:
"आपली साखळी तुटली आहे. दिवस शून्य."

राग आला. शून्य कसं?
शिवण चुकली तर उसवतो आम्ही,
पण सुईनं पाडलेली भोकं कापडात राहतात,
दुसऱ्यांदा सुई त्यांच्याच शेजारून जाते.
टेप लावला.
पावणेदहा.

इलियास म्हणाला, मास्तर, सव्वा इंचासाठी एवढं?
मी त्याच्या हातातली पँट उलटी केली.
मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडलेली,
पोरगं वाढंल म्हणून.
नेसणाराला ती कधी दिसत नाही.
कापणाराला माहीत असते,
नाहीतर उसवणाराला.

मला वाटायचं, मला कापताना
वरच्यानं कापड पुरवून पुरवून वापरलं.
तसं नसावं.
कुठंतरी मानेच्या मागं, कमरेच्या आत
दुमडून ठेवलं असावं थोडं,
अन् मीच चौतीस वर्षं वरून इस्त्री मारत बसलो.
आता पहाटे ती बाई एखादा टाका सोडवते.
रोज नाही. एखाद्या दिवशी.

काल सतरंजीशेजारी जुनी चादर पसरलेली.
चंद्रकला म्हणाली, मांजरापर्यंतच करीन,
गायीचं मागून बघू.
पाय पसरले, वाकली,
अन् बोटं टेकली की अंगठ्याला,
पहिल्याच झटक्यात, बोलता बोलता,
गॅसवर दूध ठेवलंय का बघा म्हणत.
टेप माझ्या हातातच राहिला.

दूध ठेवलेलं होतं. उतू गेलं.
वहीत तिच्या नावापुढं काय लिहायचं,
अजून ठरलं नाही.