पुसू नये

कॅसेटच्या पाठीवर निळ्या बॉलपेनची अक्षरं :
टेलिफिल्म. रविवार रात्र. पुसू नये.
अक्षर राजेशम चिप्पाचं.
साखर पेठेत त्याची व्हिडिओ लायब्ररी होती
आणि रिवाइंड न करता कॅसेट परत करणाऱ्याला
तो दोन रुपये दंड लावायचा,
आईला सोडून.

नव्या पेठेतल्या पोरानं कापूस घेऊन बुरशी काढली,
म्हणाला, काका, बाकी टेप ठणठणीत आहे,
पंचेचाळिसाव्या मिनिटाला तेवढी घासलीय.
कुणीतरी तिथंच सारखं मागं नेलंय.
आठशे रुपये घेतले. पेनड्राइव्ह दिला.

गोष्ट म्हणाल तर इतकीच :
टेलिफोन एक्स्चेंजमधली एक बाई,
धरणाच्या मोजणीला तीन महिन्यांसाठी आलेला ओव्हरसियर.
दार आपटलं की मागची भिंत हलते.
दोघांच्या घरी पडदा एकच, कपही तेच.

आमच्याकडे चार माग होते.
पलीकडच्या खोलीत टॉवेल, अलीकडे टीव्ही,
मध्ये विटेची एकेरी भिंत.
त्या खटक्यांत सिनेमातल्या माणसांना
ओठ होते, शब्द नव्हते.
लाइट गेली की माग थांबायचे,
सगळी गल्ली अशी गप्प व्हायची
की नळाचा थेंबही ऐकू यायचा,
पण टीव्हीही त्याच लाइटीवर.
सुट्टीच्या दिवशी नाना टीव्हीपुढेच झोपत,
आवाज शून्यावर.

केबल आली, लायब्ररी बुडाली.
राजेशमनं व्हीसीआर आमच्याकडे ठेवायला दिला,
भिवंडीला गेला,
न्यायला आला नाही.

मग आई रोज बघायची.
कांड्या भरायला येणाऱ्या बायका विचारायच्या,
नरसूबाई, काय म्हणतोय गं तो?
आई सुतावरची नजर न काढता सांगायची :
ती म्हणते, तुमच्या गावाला नदी आहे का.
तो म्हणतो, आहे,
पण आम्ही बोलत नाही एकमेकांशी.
बायका हसायच्या. एखादी कांडी घरंगळायची.
कधी दुसरंच सांगायची. म्हणायची,
आज तो खोटं बोलतोय.

माग गेल्या वर्षी किलोवर गेले, भंगारात.
आता घरात इतकी शांतता आहे
की फ्रिज दचकवतो.
आणि आता आईचे कान गेलेत.

काल रात्री मी पेनड्राइव्ह लावला.
पहिल्यांदाच ऐकला तो सिनेमा, म्हणजे मी एकट्यानं.
पंचेचाळिसावं मिनिट आलं.
चित्रावर पांढऱ्या रेघा, कापडात तार तुटल्यासारख्या.
ओव्हरसियर खिडकीशी उभा. बाईच्या हातात कप.
तो म्हणाला,
बदलीचा अर्ज तीन प्रतींत द्यावा लागतो.
ती म्हणाली, बरं.
मग दोघं कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.
लांब कुठंतरी, बहुतेक स्टुडिओबाहेर,
एक स्कूटर सुरू होत नव्हती.

एवढंच?
एवढ्यासाठी टेप झिजवली?
मी वळून बघितलं.
आईचे ओठ हलत होते,
त्याच्यासाठी एकदा, तिच्यासाठी एकदा.
आणि ते तीन प्रतींबद्दल नव्हतं.

विचारणार होतो.
तोंडापर्यंत आलं, राजेशम.
टीपॉयवर रिकामी कॅसेट पडली होती, अक्षरं वर करून.
शाळेत आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं,
पुसणे म्हणजे विचारणेसुद्धा.

मी रिमोट घेऊन आवाज शून्यावर आणला.
आईला तो फरक कळायचं कारण नव्हतं,
तरी ती जरा सैल बसली,
पदराला नसलेलं सूत झटकलं,
आणि म्हणाली,
मागं घे की थोडं.

घेतलं.
आता घासत नाही काही.