रकाना सतरा

आचाओच्या धक्क्यामागे, शिंपल्यांच्या कारखान्याच्या माडीवर
एदुविना ओयार्सोनं माझ्यासमोर चौदा वह्या ठेवल्या,
टेबलाखाली शेगडी सरकवली आणि म्हणाली,
"पाय गरम ठेव. आकडे गारच आहेत."

मी सांतियागोहून साचा घेऊन आले होते:
बावीस रकाने, प्रत्येकाला नाव, प्रत्येक नावाला खूण,
म्हणजे इथला शिंपला आणि उत्तरेतलं तांबं
एकाच प्रश्नाला एकाच भाषेत उत्तर देतील.
मला हे पटतं. अजूनही पटतं.
मागच्या वर्षी हिचे बाराशे पन्नास किलो
बँकेच्या यंत्रानं सव्वा किलो वाचले;
हजाराचा ठिपका त्याला दशांशचिन्ह वाटला,
आणि चाळीस घरांचं कर्ज
हिवाळाभर त्या ठिपक्याला अडकून राहिलं.

तर बसलो दोघी.
अल्मुद म्हणजे किती?
तिनं लाकडी माप आणलं. भरलं, तोललं, पुन्हा भरलं.
शीग लावून आठ किलो, सपाट केलं की साडेसहा.
"शीग कधी, सपाट कधी?"
"माणूस बघून."
माणूस बघायची सोय माझ्याकडे नव्हती.
मी लिहिलं: किलो.

'सांता रोसा' ही होडी चार तऱ्हांनी लिहिलेली,
एकदा नुसती 'रोसा', एकदा 'ती निळी'.
तारखेच्या जागी 'बटाटे काढले तो आठवडा',
'लाल भरतीनंतरचा मंगळवार'.
चारींची एक केली. मंगळवाराला अंक दिले.
एदुविना प्रत्येक दुरुस्तीवर मान हलवायची,
आपलंच पोर शाळेच्या गणवेशात बघावं तशी.

मग वही नववी.
देल्फिन बार्रिया. डिझेल आणि दोर.
येणे तीन लाख अठरा हजार पेसो, अकरा वर्षांपूर्वीचे.
अशा येण्याला साच्यात एकच शब्द आहे.
मी लिहिला: बुडीत.

तिनं चष्मा काढला.
"कुणी पाहिलं?"

तिनं काय ऐकलं ते मला उशिरा कळलं.
"होडी सापडली," ती म्हणाली. "तो नाही.
शब्द बदल."

शब्द माझा नव्हता, नियमांचा होता.
पण नियमानंही तीच बरोबर होती,
कारण खातं जिवंत होतं:
दर डिसेंबरात पाच हजार जमा, एकही वर्ष न चुकता.
बाकी उतरत उतरत दोन लाख त्रेसष्ट हजारांवर आलेली.
सवयीनं मी भागाकार केला.
अजून त्रेपन्न वर्षं.

रकाना सतरा: भरणा करणाऱ्याचा ओळख क्रमांक.
सक्तीचा. रिकामा सोडला तर अख्खी ओळ लाल.
"कोण भरतं?"
"सकाळी टेबलावर असतात."

अक्षर तिचंच होतं, शाईही.
फक्त त्या अकरा ओळींतला पाच
तिनं इतर पाचांपेक्षा सावकाश काढला होता.

नाव नसलेला पैसा दिसला की तिथंच खणा,
असं मी नव्या मुलांना शिकवते.
मी तिला तिचा क्रमांक विचारला.
तिनं सांगितला, दवाखान्यात सांगतात तसा,
एकेक आकडा सुटा.

ओळ लालच. रकाना अठरा: ऋणकोशी नातं.
वारस, भागीदार, जामीन, इतर.
पडद्याजवळ वाकून तिनं यादी दोनदा वाचली.
खाली कुणीतरी फरशीवर पाणी मारत होतं,
शिंपल्यांचा खडखडाट, मग तोही नाही.
"जामीन," ती म्हणाली. "कागद नाहीये."

रकाना एकोणीस: मुदत.

"कधीपर्यंत लिहू?"
तिनं लाकडी माप उचलून फळीवर पालथं घातलं.
"शीग लावून लिही."

मी एक तारीख घातली.
यंत्राला ती चालली:
वर्ष, महिना, दिवस, याच क्रमानं.