पांगाऱ्याचा बेडूक

पांगाऱ्याचं लाकूड हलकं, नखानंही उकरतं.
पाळी सुटल्यावर लोको शेडच्या मागच्या ओट्यावर बसून
तीन आठवडे मी एक बेडूक केला.
पाय सायकलच्या ट्यूबचे,
डोळे म्हणजे दोन मोहऱ्या, फेव्हिकॉलनं बसवलेल्या,
पाठीवर मीनलच्या नेलपॉलिशचे हिरवे तीन हात.
ती रुसली. मग जवळ येऊन म्हणाली,
पोट पिवळं कर पप्पा, खालून त्याला पोटच दिसणार.
खरं होतं. केलं.

होळीला चार दिवस.
पहाटे गाडीवर अजून स्वेटर लागतं,
परतताना तेच हँडलला गुंडाळलेलं.
फेकरी गेलं, दीपनगरच्या चिमण्या गेल्या,
वरणगावला चहा,
मग केळीच्या बागांमधून ओला गारवा
बाहीत शिरत राहिला चांगदेवपर्यंत.

पूर्णा तापीत शिरते तिथं पाणी उतरलंय.
मागच्या महिन्यात जिथं नाव फिरायची
तिथं आता डांगराचे वेल,
भेगाळल्या गाळात बगळ्याचे पाय
आणि एक कुणाचीतरी चप्पल, डावी.

सुपडू भोई जाळ्यातून शेवाळ काढत बसलेला.
बेडूक त्यानं तळव्यावर घेतला, उलटा केला,
पोटावर फुंकर मारली,
कानाशी नेऊन हलवला.
'ह्या तं वरडत नाही.'
मग बराच वेळ हसला, एकटाच.
'उन्हं चढू दे भो. पाणी रातचं गार हाये,
मरळ आत्ता झोपेत चालते.
अन् त्याले पळवू नको.
बेडूक काय गाडी पकडाले जाऊन राह्यला का?'

पहिली फेक पाणगवतात.
दुसरी बरी, पण मी पळवलाच.
तिसरी, चौथी, मग मोजणं सोडलं.
रीळ फिरवायचं, थांबायचं, म्हणतो तो.
फिरवणं हाताला येतं.
थांबणं येत नाही.
वीस वर्षं ज्याच्या हातात पाना आहे
त्याला नुसतं थांब म्हणणं सोपं नाही.

काळे चांदवे लांब तरंगत होते,
थोडेच उरलेत, बाकीचे उत्तरेला निघाले.
काठावरच्या पळसाला पान नाही,
फुलं मात्र एवढी की तिकडं पाहिलं तर
पाण्याकडं पाहवत नाही.

अकरा वाजले असतील.
वाऱ्यानं लांबून मालगाडीचा आवाज आणला.
कान उभे राहिले, ते काही माझ्या हातात नाही:
खट्-खट्, खट्-खट्,
आणि मध्येच एक धप्प.
कुठल्यातरी डब्याचं चाक चपटं झालंय.
पुन्हा धप्प.
मी तो डबा शोधत होतो, मनातल्या मनात,
कितवा असेल,
शेवटाकडून सातवा की आठवा,
हात रीळावरच राहून गेला.

बेडूक उभा होता.
भोवतीची वर्तुळंसुद्धा विरून गेलेली.
आणि पाणी फुटलं.

काठी कमरेपर्यंत वाकली.
गाळात टाच रुतली, गुडघा टेकला,
सुपडू ओरडत होता ते कळत नव्हतं,
एकदाच दिसली ती: काळपट, जाड, सापासारखं डोकं,
आणि डोळा. मला वाटलं, माझ्याकडंच.
दोरी मग एकदम हलकी झाली,
इतकी हलकी की मी मागच्या मागे बसलो
डांगराच्या वेलावर.

'गेली,' सुपडू म्हणाला,
जसं कुणी म्हणतं, पाच वाजले.
मग जवळ येऊन त्यानं बेडूक उचलला,
या खेपेला हसला नाही.
'घेतला पण तिनं, भो.'

घरी मीनलनं तो खिडकीशी धरला.
हिरव्यातून आरपार दातांची रांग,
आत पांगारा पांढरा.
एक पाय नाही. एक डोळा नाही.
'म्हणजे तिला खरा वाटला?'
मी म्हटलं, थांबला तेव्हा वाटला.
बाकी वेळ नाही.
ती काही बोलली नाही.
स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज आला,
मग मिसळणाच्या डब्याचं झाकण,
आणि तिच्या आईचं विचारणं,
एवढ्या रात्री मोहरी कशाला गं तुला?